समुद्रकाठचे उजेडाचे खळे

वाचकहो, खळे कसे करतात ते तुम्हाला सांगायला नको. जागा निवडायची, पाणी मारून ती चोपून घट्ट करायची, शेणाने सारवायची आणि मधोमध तिवडा रोवायचा. मळणीयंत्रे आली आणि बहुतेक गावांतली खळी गेली. पण घरातल्या कोणाही वडीलधाऱ्याला विचारा, सुगीच्या रात्री खळ्यावर राखणीला झोपलेली माणसे, उशाशी कंदील आणि वर चांदणे, हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहील. आज तुम्हाला अशाच एका गोल खळ्यावर न्यायचे आहे. मात्र ते सारवलेले नाही, काचेचे आहे. तिथे धान्याची रास पडत नाही, उन्हाची पडते. आणि रात्री तिथे एकटादुकटा राखणदार नसतो, लेकराबाळांसकट सारे गाव लोटलेले असते.

हे गाव आहे युरोपात, क्रोएशिया नावाच्या लहानशा देशात. नाव झादर. युरोपच्या नकाशात इटलीचा बूट सापडला की त्याच्या उजव्या अंगाला एक चिंचोळा समुद्र दिसतो, तो एड्रियाटिक. त्याच्या पलीकडच्या काठावर झादर. २०२१ च्या शिरगणतीत तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसे भरली, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे मोठे ठिकाण म्हणा. जुने गाव जिभेसारख्या निमुळत्या जमिनीवर वसलेले आहे. तीन बाजूंना पाणी. त्या जिभेच्या शेंड्याला, धक्क्यावरच्या दगडी फरशीतच, हे काचेचे वर्तुळ बसवले आहे. २००८ साली ते लोकांना खुले झाले. तिथल्या भाषेत त्याला ‘पोझ्द्राव सुन्त्सू’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘सूर्याला नमस्कार’. घडवणारे वास्तुविशारद निकोला बाशिच हे त्याच किनाऱ्यावरच्या मूर्तेर बेटाचे. समुद्र त्यांना पाहुण्यासारखा माहीत नव्हता, घरच्यासारखा माहीत होता, हे पुढे तुमच्या ध्यानात येईल.

वर्तुळाचा व्यास २२ मीटर. हिशेब करून पाहा, क्षेत्र जवळजवळ पावणेचार गुंठे भरते. एवढ्या जागेत थरांच्या जाड काचेचे ३०० तुकडे एकमेकांना बिलगून बसवले आहेत. काचेखाली सूर्यप्रकाशातून वीज करणाऱ्या पट्ट्या आणि रंगीत दिवे. शिल्प म्हटले की आपल्यापुढे चौथरा येतो, वर पुतळा, भोवती लोखंडी साखळ्या आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. इथे सारेच उलटे. शिल्प पायाखाली आहे. चपला घालून त्यावरून चाला, पोरांना पळू द्या, थकलात तर मांडी घालून बसा. तिकीट नाही, कुंपण नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मला बोल लागायला नको. दुपारी गेलात तर तुमची निराशा होईल. दिवसा हे म्हणजे निळसर-काळ्या फरशीचा एक गोल तुकडा, दुसरे काही नाही. एवढ्या लांब येऊन हे पाहायचे, असे वाटून माणूस पाठ फिरवतो. पण राब चालतो तो दिवसाच. आपल्या शेताचे नाही का तसेच? पेरणी झालेल्या रानाकडे बघून शहरातल्या पाहुण्याला काय दिसणार? नुसती माती.

तुमच्यापैकी ज्यांच्या विहिरीवर सौरपंप बसला आहे ते मात्र दुपारीही या वर्तुळाभोवती बराच वेळ रेंगाळतील, आणि त्यांच्या मनात शंका येतील. पहिली शंका, हे पत्रे आडवे का? आपल्याकडे पंपाचे पत्रे दक्षिणेकडे तोंड करून तिरके उभे करतात. सूर्यकिरण पत्र्यावर जितके सरळ पडतील तितकी वीज जास्त. झादर तर आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला, ४४ अंशांवर आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. भर उन्हाळ्यातही माध्यान्हीला तो क्षितिजापासून ६९ अंशांच्या आसपास चढतो आणि डिसेंबरात तर जेमतेम २२-२३ अंश. अशा मुलखात पत्रे जमिनीसारखे आडवे टाकायचे म्हणजे हाती येणारी काही वीज जाणूनबुजून सोडायची. दुसरी शंका सावलीची. पत्र्यावर झाडाच्या एका फांदीची सावली आली तरी पंपाची धार बारीक होते, हे तुम्ही पाहिले आहे. इथे तर दिवसभर माणसांच्या सावल्या. तिसरी शंका धुळीची. पंपाचे पत्रे आठ-पंधरा दिवसांनी पुसावे लागतात. इथे हजारो पावले आणि वर समुद्राचे खारे तुषार.

तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. नुसती वीज करायची असती तर असे कोणी केले नसते, हेच पत्रे एखाद्या छपरावर तिरके टाकले असते. इथे थोडी वीज कमी मिळाली तरी चालेल, पण माणसाला त्यावर उभे राहता आले पाहिजे, असा हिशेब आहे. बांधावर आंबा लावला की त्याच्या सावलीने दोन सऱ्या दबतात, हे ठाऊक असूनही आपण आंबा लावतोच की.

तरीही उत्पन्न अगदीच किरकोळ नाही. उभारणीच्या वेळी वर्षाला सुमारे ४६,५०० युनिट विजेचा अंदाज धरला होता. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट खातो. तो रोज आठ तास चालवला तर वर्षाला साडेअकरा हजारांच्या पुढे युनिट लागतात. म्हणजे असे चार पंप वर्षभर ओढतील एवढी ही वीज झाली. पावणेचार गुंठ्यांत, आणि तीही वर माणसे नाचत असताना! ही वीज या वर्तुळाच्या रोषणाईसाठी आणि धक्क्यावरच्या दिव्यांसाठी योजलेली आहे. खेळणे स्वतःचे पोट भरून शेजाऱ्यालाही दोन घास देते, असे म्हणा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. ऊन जितके तापते तितकी वीज जास्त, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. वीज होते ती उजेडापासून, उष्णतेपासून नव्हे. उलट पत्रा जास्त तापला की त्याची ताकद घटते. म्हणूनच वैशाखात अंगाची लाही होत असते तेव्हा पंप जोरात चालेल असे वाटते आणि तो तितका चालत नाही, तर पावसाने उघडीप दिल्यावर, हवा थंड आणि आकाश धुतल्यासारखे असताना, धार पाहून आपण चकित होतो. झादरला खरी अडचण हिवाळ्याची. जूनमध्ये तिथे दिवस साडेपंधरा तासांचा, तर डिसेंबरात नऊ तासांचाही नाही. म्हणजे ज्या ऋतूत रात्र सर्वांत लांब आणि दिव्यांची गरज मोठी, त्याच ऋतूत उन्हाची मिळकत सर्वांत कमी.

आता संध्याकाळची वेळ धरू या. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. समोर पाण्यापलीकडे उगल्यान नावाचे लांबट बेट. त्यावर जैतुनाच्या बागा. जैतुनाच्या फळांचे तेल काढतात, आणि बेटाचे नावही तेलावरूनच पडले असे सांगतात. सूर्य त्या अंगाला कलू लागला की गावातल्या गल्ल्यांमधून माणसांचा ओघ धक्क्याकडे सुरू होतो. प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक १९६४ साली इथे आला होता आणि इथल्या सूर्यास्तावर लुब्ध झाला होता. त्याची आठवण गाव अजून अभिमानाने सांगते.

सूर्य बुडतो, आणि पायाखालची काच जागी होते. आधी एखादा निळा ठिपका, मग हिरवा, मग तांबडा. पाहता पाहता सारे वर्तुळ रंगांनी भरून वाहू लागते. रंग एका जागी ठरत नाहीत. या कडेकडून त्या कडेकडे सरकतात, मध्येच फुटतात, पुन्हा गोळा होतात. पोरे त्या सरकत्या रंगांना पायाने पकडायला धावतात, रंग निसटतो, पोर पडते, उठते आणि पुन्हा धावते. म्हातारी जोडपी कडेने हळू चालतात. कोणाचा चेहरा खालून निळा, कोणाचा जांभळा. उजेड वरून पडण्याची आपल्याला सवय. तो पायाखालून आला की ओळखीचे माणूसही निराळे दिसते.

पण हे रंग सरकवतो कोण? एका जागी बसून कोणी कळ दाबत नाही. ही किमया समुद्राची, आणि ती समजण्यासाठी चार पावले चालून शेजारच्या पायऱ्यांवर जायला हवे. धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या या पांढऱ्या दगडी पायऱ्या ७० मीटर लांबीच्या आहेत. त्याही बाशिच यांनीच २००५ साली बांधल्या. वरून पाहिले तर नाशिकच्या किंवा वाईच्या घाटाची आठवण व्हावी. फरक पोटात आहे. पायऱ्यांच्या आत ३५ नळ्या बसवल्या आहेत, पाच-पाचांच्या सात जुड्या करून. नळ्यांची खालची तोंडे पाण्याशी. लाट आली की पाणी आत घुसते, नळीतली हवा वर ढकलली जाते आणि शिटीतून बाहेर पडते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमते ना, तोच प्रकार. लोहाराचा भाता हलवायला माणूस लागतो, इथे भाता समुद्र हलवतो. नळ्यांची मापे अशी बेतली आहेत की सूर कसेही उमटले तरी एकमेकांशी भांडत नाहीत. बोट गेली की आवाज चढतो, वारा पडला की नुसता हुंकार. याला ते ‘समुद्राचा ऑर्गन’ म्हणतात. २००६ साली त्याला युरोपातला सार्वजनिक जागांसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला.

तर काचेतले दिवे चालतात ते याच लाटांच्या तालावर. पायऱ्यांशी समुद्र जे सुरांत बोलतो तेच वर्तुळात रंगांत उमटावे, अशी योजना. ऊन दिवसाने दिले, ताल पाण्याने दिला, आणि नाच माणसांचा.

आता या गावाची थोडी हकीकत ऐका, कारण तिच्यावाचून या दिव्यांचे मोल कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ आणि १९४४ मध्ये, झादरवर विमानांतून पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. तेव्हा ते कागदोपत्री इटलीचे असले तरी जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. जुन्या गावाचा बराचसा भाग जमीनदोस्त झाला. रोमन काळापासूनचे हे गाव, हजार-हजार वर्षांची देवळे आणि घरे तिथे होती. युद्धानंतर घाईने उभारणी झाली. समुद्राकाठी सरळ, रुक्ष काँक्रीटचा धक्का ओतला गेला. बोटी लागत, माल उतरे, पण संध्याकाळी सहज जाऊन बसावे असे तिथे काही उरले नव्हते. समुद्र होता आणि गाव होते, दोघांचे बोलणे मात्र तुटले होते. मग १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला आणि लढाई पेटली. झादरला वेढा पडला, तोफगोळे आले, गावाचा वीज-पाणीपुरवठा तोडला गेला. घागर घेऊन पाण्यासाठी रांगेत उभे राहणे काय असते आणि मेणबत्तीच्या उजेडात लेकरांना जेवू घालणे काय असते, हे त्या गावातल्या आज पन्नाशी-साठीत असलेल्या आयांना सांगावे लागत नाही.

हा धागा बाशिच यांनी जोडलेला नाही, मी जोडतो आहे. पण त्या काचेवर नातवंडांचे हात धरून उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिले की तो आपोआप जुळतो. ज्यांचे दिवे कोणीतरी दुरून कळ दाबून घालवले होते, त्यांच्या पायाखाली आता गावचा स्वतःचा उजेड आहे, आणि तो उन्हातून आलेला आहे.

तुमच्यातला कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण आमच्या गळ्यात रात्रीची पाळी आहे. वीज येते बाराला, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन दारे धरायला जायचे, पाऊल टाकताना साप-विंचू बघायचा. आम्हाला पायाखालच्या रंगीत दिव्यांचे कौतुक काय सांगता? ज्याने रात्रीचे दारे धरले आहे त्याला हा प्रश्न विचारण्याचा पुरेपूर हक्क आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली. ती कामे पहिली, रंगीत दिवे नंतर, यात मला तरी दुमत नाही. पण एवढेही म्हणतो की देवळाचा कळस आपण पोट भरल्यावरच चढवला असे कधी झाले नाही. दुष्काळातही गावाने वर्गणी काढून जत्रेत दिव्यांची आरास केलीच.

माझी खरी काळजी दुसरीच आहे, आणि ती त्यांना जितकी लागू तितकीच आपल्याला. मांडणे सोपे, सांभाळणे कठीण. आपल्याकडे कितीतरी गावांत चौकात सौर दिव्यांचे खांब उभे आहेत. उद्घाटनाला नारळ फुटला, वर्ष-दोन वर्षे उजेड पडला, बॅटरी मेली आणि खांबावर आता पक्षी बसतात. बॅटरी बदलायची कोणी, हे बसवतानाच ठरले नव्हते. झादरला तर खारी हवा रात्रंदिवस धातू कुरतडते, ओल काचेखाली शिरू पाहते, वरून पायांची झीज. अशी वस्तू एकदा करून मोकळे होता येत नाही, दुभत्या जनावरासारखी रोज बघावी लागते. तुमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी सौर दिव्यांचा ठराव आला तर किमतीच्या आधी देखभालीचे विचारा.

आता वर्तुळाच्या कडेला या. तिथे धातूचे एक कडे बसवले आहे आणि त्यावर अक्षरे कोरली आहेत. गर्दीत बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही. तुम्ही मात्र खाली वाकून पाहाल, कारण ते पंचांग आहे. झादरमध्ये १२९२-९३ च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी नुकतीच सांगून झाली होती त्या काळात, एक दिनदर्शिका लिहिली गेली. संत क्रशेवान यांच्या नावाने ती ओळखली जाते. मूळ पोथी आज इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. तिचा मागोवा या कड्यावर आहे. झादरच्या देवळांना ज्या संतांची नावे आहेत ती नावे, प्रत्येकाच्या सणाची तारीख, आणि त्या दिवशी सूर्य कुठे असतो त्याचे आकडे. एक आकडा क्रांतीचा, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्याचा. दुसरा तो आकाशात किती उंच चढतो त्याचा. आपले पंचांगकर्ते हेच मोजतात. मृग निघाला, वाहन म्हैस की कोल्हा, अशी चर्चा आपण जूनच्या सात-आठ तारखेला पारावर करतो तेव्हा बोलत असतो सूर्याच्या जागेबद्दलच. त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. माध्यान्हीला अंगणात उभे राहून पाहा, तुमची सावली चक्क दक्षिणेकडे पडेल. झादरच्या माणसाने अशी सावली आपल्या गावी कधी पाहिलेली नाही.

आणखी एक गंमत. त्या जुन्या पोथीत सूर्याच्या नोंदी रोमन आकड्यांत नाहीत. युरोपात ज्यांना अरबी अंक म्हणतात त्या अंकांत आहेत. ते अंक अरबांकडे कुठून गेले, हे तुमच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एकापासून नवापर्यंतचे अंक आणि शून्य आपल्या मुलखातून निघून, अरब व्यापाऱ्यांच्या आणि पंडितांच्या हातांनी समुद्र ओलांडत त्या दगडी गावात पोहोचले होते.

निघण्यापूर्वी मुलांना ग्रह शोधायला सोडा. मोठे वर्तुळ म्हणजे सूर्य, आणि किनाऱ्याच्या फरशीत पुढे बाकीच्या ग्रहांची लहान वर्तुळे बसवली आहेत. बावीस मीटरचा सूर्य धरला तर त्या मापाने पृथ्वी वीस सेंटिमीटरची होते, म्हणजे एका भाकरीएवढी. त्या खळ्याशेजारी ही भाकरी! गुरू तेवढा सव्वादोन मीटरचा, बाजेपेक्षा मोठा. अंतरही त्याच मापाने ठेवायचे म्हटले तर पृथ्वीची भाकरी सव्वादोन किलोमीटरांहून लांब जाऊन पडेल, मुलांना शोधायला पायपीट करावी लागेल.

रात्री उशिरा गर्दी पांगते. पोरे पेंगुळलेली, बापाच्या खांद्यावर मान टाकून घरी निघालेली असतात. तेव्हा पायऱ्यांवर येऊन बसा. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट असतो. मागे काचेत रंग सरकत असतात, पण तिकडे पाठ असली तरी चालते. पायाखाली पाणी आत शिरते, कुठलीतरी नळी हुंकारते, मग थोडा वेळ काहीच नाही, मग दुसरी.